आईची अंगठी, लेकीचे कान

सोनाराच्या घरात सोनं कमी आणि किस्सेच जास्त साठतात. माझे सासरे, अण्णा, गिरीज गावात घराच्या ओटीवर बसून दागिने घडवतात; हातातून जातं ते सगळं गिऱ्हाइकांचं.

त्या दिवसांत माझी झोप उडाली होती ती माझ्या लेकीच्या, अन्वीच्या कानांमुळे. जत्रेतून मीच हौसेने चकचकीत बाळ्या आणल्या, आणि चार वर्षांच्या पोरीचे कान चिघळले. मी केमिस्ट्रीची बीएस्सी! स्वस्त बाळ्यांतल्या निकेलची अ‍ॅलर्जी पुस्तकातून पाठ होती. डॉक्टर म्हणाले, जखम सुकली की सोनंच घाला. मंगळसूत्र सोडलं तर माझं सोनं एकच, गेल्या वर्षी गेलेल्या आईची अंगठी.

*

सांडोर गावच्या एक आजी नातवाचे काळे पडलेले चांदीचे वाळे घेऊन आल्या. दृष्ट लागली म्हणत होत्या. मी हवेतल्या गंधकावर लेक्चर दिलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"म्हणजे जे लागायचं ते चांदीला लागलं, पोराला नाही ना?"

पोर हॉस्पिटलात होतं. मी म्हटलं, "नाही, पोराला नाही."

"मग काळेच राहू देत."

*

एका गृहस्थांना लेकीच्या लग्नात चोवीस कॅरेटच्याच बांगड्या हव्या होत्या. शुद्ध सोनं मऊ असतं, तांबं घालावंच लागतं, हे अण्णांनी परोपरीने सांगितलं. ऐकेनात. दोन महिन्यांनी तेच बांगडी घेऊन परत आले, मनगटावरच कुणीतरी आवळल्यासारखी चेपलेली.

अण्णांनी ती बोटांत फिरवून पाहिली. "बांगडीत तांबं घालतो. पोरीला सासरी परत पाठवू नका."

*

पाचूबंदरच्या कोळीवाड्यातल्या एक ताई नवऱ्याच्या कानातली बाळी घेऊन आल्या. तो समुद्रात बुडाला, सापडला आठ दिवसांनी. ओळख पटली ती या बाळीवरून. बाळी कालच घडवल्यासारखी.

"खारं पानी लोखंड खातं, अण्णा. ह्याला तोंड नाय लावलं," एवढंच म्हणाल्या. लेकीसाठी कुड्या हव्या होत्या. अण्णांचा हात धजेना, तेव्हा ताईंनीच बाळी सोनं वितळवायच्या मुशीत टाकली.

*

अन्वीचे कान सुकले. भोकं बुजू नयेत म्हणून कडुनिंबाच्या काड्या घातल्या होत्या. मी अंगठी अण्णांपुढे ठेवली. वितळवू ना, त्यांनी तीनदा विचारलं, मी तीनदा हो म्हटलं.

अन्वी माझ्या मांडीवर होती. ज्योतीखाली अंगठी लाल झाली, खचली, आणि तिचा एक थेंब झाला. मी अन्वीला सांगितलं, आजी गेली ना, तिची ही अंगठी. आता तुझ्या कानात राहील.

ती थेंबाकडे बघत राहिली. मग म्हणाली, "आई, तू मेलीस की मी तुझं काय वितळवू?"