सुलेखाची मिशीवाली सवत

नवऱ्याच्या वेडाला सुलेखा 'माझी सवत' म्हणायची, आणि तेही चारचौघांत, चकल्यांची ताटली फिरवता फिरवता. टोकियोत नव्याने आलेल्या बायका चमकून चारुदत्तकडे बघायच्या. बँकेतला सरळ माणूस, डोक्यावर मोजके केस, चतुर्थीचा उपास करणारा. याला हे कधी जमलं? मग सुलेखा भिंतीकडे बोट दाखवायची. "ती बघा. मिशीवाली आहे."

भिंतीवर एका अर्जेंटिनी गृहस्थाचा फोटो होता. चापून बसवलेले केस, कोरलेली मिशी, आणि उधारी मागायला आलेल्याकडे बघावं तशी नजर. लिसांद्रो ओर्तुबिया. आपल्याकडे 'चले जाव' चालू होतं त्या सुमाराला ब्यूनोस आयर्समध्ये टँगोला बहर आला होता, आणि त्या बहरात या ओर्तुबियाचा वाद्यवृंद रात्री गाजवत होता. माणूस कधीच गेला. पण टोकियोत, निशिकासाईतल्या एका इमारतीच्या पाचव्या मजल्यावर, चारुदत्तच्या दोन खोल्यांत, त्याचा संसार मजेत चालला होता.

मुंबईचा बँकवाला टँगोच्या नादी लागला कसा, याच्या दोन हकिगती आहेत. चारुदत्त सांगतो ती अशी, की एका संध्याकाळी कुठल्याशा गल्लीतून सूर आले आणि त्याचे पाय आपोआप वळले. खरी हकिगत मला सुलेखाने सांगितली. बदलीवर आल्याच्या पहिल्याच महिन्यात हा ओतेमाचीला ऑफिसातून निघून उलट्या दिशेच्या गाडीत बसला, उभ्या उभ्या झोपला, आणि पार ओगिकुबोला जाऊन जागा झाला. जाग आली ती संगीताने नव्हे. स्टेशनातल्या स्वच्छतागृहापुढे रांग होती म्हणून हा बाहेर पळाला आणि दिसेल त्या कॅफेत शिरला. मोकळा होऊन आल्यावर नुसतं निघून जाणं बरं दिसेना, म्हणून कॉफी मागवली. तिथे ओर्तुबिया वाजत होता.

कॅफे होतं मोरिशिता नवराबायकोचं. आठ खुर्च्या, बोलायला बंदी, आणि भिंतभर जुन्या तबकड्या. नवरा कप विसळायचा, बायको तबकड्या लावायची. चारुदत्तने बँडोनिऑन पहिल्यांदा ऐकलं ते तिथे. बँडोनिऑन म्हणजे आपल्या पेटीची दूरदेशी दिलेली बहीण. मांडीवर घेऊन वाजवतात, आणि माहेरची आठवण आल्यासारखी ती रडते. आजोळी पेटीवर भजनं ऐकत वाढलेला हा माणूस, विरघळला. मग दर शुक्रवारी तो मुद्दाम उलट्या गाडीत बसू लागला. बदलीची मुदत संपली, त्याने वाढवून घेतली. पुढे तर इथल्याच एका बँकेत चिकटला. सुलेखाला सांगितलं, इथल्या शाळा चांगल्या. यांना मूलबाळ नाही, हे मला तेव्हाही आठवलं होतं.

म्हातारा मोरिशिता गेला. इमारत पाडायला निघाली. कॅफे बंद करताना मोरिशिताबाईंनी ओर्तुबियाच्या सगळ्या तबकड्या चारुदत्तला दिल्या. त्यातली एक दाखवून म्हणाल्या, "ही कुठेच मिळत नाही. यांनी योकोहामाच्या बंदरात एका खलाशाकडून घेतली होती. तिकडे कंपनीने मूळ साचे भंगारात घातले म्हणतात. तुम्ही ऐकता, म्हणून तुम्हाला."

झालं. चारुदत्तच्या घरी रविवारचा दरबार सुरू झाला. चावीचा ग्रामोफोन, खाली सतरंजी, वर मिशी. फोन बाहेरच्या खोलीत चपलांपाशी ठेवायचे. चहा गाणं संपल्यावर. आणि शेवटी, मानाची पूजा असल्यासारखी, ती तबकडी. ओर्तुबियाचा वेगवान टँगो, नुसती वाद्यं, घोडा उधळावा तसा. चारुदत्त डोळे मिटून गुडघ्यावर ठेका धरायचा. एकदा मी विचारलं, "अरे, तबकडीला दुसरी बाजू असते ना?"

"आहे. कुणीतरी गायलंय. रडकं आहे रे," म्हणाला आणि चावी देऊ लागला.

दरबारात सुयश नावाचा पुण्याचा एक इंजिनियर यायचा. चारदा तरी माझ्यासमोर म्हणाला असेल, "काका, मी मशीन घेऊन येतो. दोन्ही बाजू उतरवून घेऊ. त्या मोरिशिता आजींनाही फोनवर पाठवता येईल."

"गाणं म्हणजे काय आधार कार्ड आहे, झेरॉक्स काढायला?" चारुदत्त म्हणायचा. लोक हसायचे. "ज्याला ऐकायचंय त्याने इथे यावं."

आतून सुलेखा म्हणायची, "सवतीला कुणी हात लावलेला खपत नाही यांना. मला मात्र कुणी चोवीस तास फोनवर धरलं तरी चालतं."

मोरिशिताबाई दर नववर्षाला कार्ड पाठवत. एकदा ऐकायला येईन म्हणत. हा उलट टपाली 'अवश्य' कळवी. त्यांचे गुडघे गेले, मग जिना बंद झाला, मग त्या मिताकाच्या वृद्धाश्रमात गेल्या. निशिकासाईहून मिताकाला थेट गाडी जाते. तीच ती, उलट्या दिशेची. पण ग्रामोफोन जड, तबकडी नाजूक, धक्काबुक्कीत फुटली तर? पुढच्या महिन्यात जाऊ, थंडी सरली की जाऊ.

गेल्या नवरात्रात त्यांचा फोन आला. आवाज विझत चालला होता म्हणे. "चारु-सान, आता फार दिवस नाहीत माझे. ती तबकडी एकदा ऐकवाल?"

चारुदत्त हलला. दसऱ्यानंतरच्या रविवारी येतो, म्हणाला. वृद्धाश्रमाने कळवलं, या, पण आत आणायची प्रत्येक वस्तू दाराशी अल्कोहोलने पुसली जाईल. कोरोनापासूनचा नियम.

आता पुढचं नीट ऐका. खंडेनवमी आली. बाकीच्यांनी लॅपटॉपला झेंडू वाहिला. चारुदत्तच्या घरी शस्त्र एकच. त्याने पाट मांडला, रांगोळी घातली, आणि विचार केला, की वृद्धाश्रमाच्या दारावरची कुणी पोरगी कशीतरी खसाखसा पुसणार; त्यापेक्षा आपणच मायेने पुसून न्यावी. पूजेआधी वस्तू स्वच्छ करायचीच असते. घरात दाराशी अल्कोहोलची बाटली होतीच. त्याने तबकडी मांडीवर घेतली, फवारा मारला, आणि मऊ फडक्याने गोल गोल पुसू लागला. एक बाजू, मग दुसरी.

सुलेखा पुरण वाटत होती. "अहो, फडकं काळं झालं की!"

"मळ बघ किती!" चारुदत्तने फडकं तिच्यापुढे नाचवलं. "सत्तर-ऐंशी वर्षांचा मळ! मोरिशितांनी कधी पुसलीच नसणार."

त्या फडक्याचा त्याला इतका अभिमान वाटला की त्याने मला त्याचा फोटो पाठवला. मीही उलट अंगठ्याचं चित्र पाठवून मोकळा झालो.

दसऱ्याला संध्याकाळी आम्ही सोनं द्यायला गेलो. सुयशही होता. चारुदत्तने पाटावरून तबकडी उचलली, तर तिच्यावरची झेंडूची पाकळी उचलली जाईना. चिकटून बसली होती. कडेला त्याच्या अंगठ्याचा ठसा उमटला होता, सातबाऱ्यावर उठवावा तसा स्पष्ट. त्याने सुई ठेवली. तव्यावर पाणी पडल्यासारखा चर्रर आवाज आला आणि सुई घसरत मध्यावर जाऊन थांबली. त्याने तबकडी उलटली. तेच.

सुयशने पाटाशेजारची बाटली पाहिली. फार हळू बोलला. "काका, या तबकड्या लाखेच्या असतात. लाख अल्कोहोलमध्ये विरघळते. फर्निचरचं पॉलिश करतात ना, तसं."

तो पोरगा 'मी सांगत होतो' म्हणाला नाही. म्हणाला असता तर बरं झालं असतं. चारुदत्तला भांडता तरी आलं असतं. गिरगावात लहानपणी पॉलिशवाला दारात बसून स्पिरिटमध्ये लाख भिजवायचा, ती ढवळायला हा हट्टाने काडी मागायचा. हे त्यानेच मला कधीतरी रंगवून सांगितलं होतं. फडक्यावर मळ नव्हता. ओर्तुबिया होता.

सुलेखाने ताटं वाढली. सवतीचं नाव तिने त्या दिवशी काढलं नाही, आणि त्यानंतर आजपर्यंत नाही.

रविवारी चारुदत्त मिताकाला गेला. ग्रामोफोन नेला नाही, तबकडी नेली. सोबत मला नेलं, बहुधा बोलण्याची माझी ख्याती आहे म्हणून. मोरिशिताबाई खिडकीपाशी बसल्या होत्या, चिमणीएवढ्या. चारुदत्त कमरेत वाकला तो वर येईचना. झालेलं सगळं त्याने तसंच, वाकून, जमिनीला सांगितलं.

बाईंनी तबकडी मांडीवर घेतली. बोटांनी चाचपली. अंगठ्याचा ठसा लागला, मग पाकळी लागली.

"फूल वाहिलंत?"

"हो."

"आमच्या यांच्याही फोटोला मी रोज वाहते," त्या म्हणाल्या आणि चक्क हसल्या. त्या हसण्याने चारुदत्तला धीर आला.

"मला ती पाठ आहे," तो म्हणाला. "गाऊन दाखवू?"

आणि गायला लागला. मांडीवर ठेका, तोंडाने बँडोनिऑन, नाकाने व्हायोलिन. एरवी ही गंमत मी सहा महिने सगळ्यांना सांगत फिरलो असतो. पण खरं सांगतो, एक जागा चुकला नाही. घोडा उधळला, वळला, थांबला. पलीकडच्या खोलीतून दोन म्हातारे डोकावून गेले.

बाईंनी टाळ्या वाजवल्या. मग अगदी आदराने, आपलीच चूक असल्यासारखं म्हणाल्या, "छानच. पण मला ती दुसरी बाजू ऐकायची होती. गाण्याची. हे कप विसळताना म्हणायचे ना, ते."

चारुदत्तचं तोंड मी तेव्हा पाहिलं. तबकडी फुकट गेली त्या दिवशीही ते तसं झालं नव्हतं. इतकी वर्षं ती बाजू त्याच्या घरात होती, हाताच्या अंतरावर. तबकडी उलटायला किती वेळ लागतो?

"असं होतं ते," म्हणून बाई गुणगुणू लागल्या. बारीक, कापरा आवाज. स्पॅनिश शब्द कधीच झिजून गेलेले, नुसती चाल उरलेली. चाल दोन पायऱ्या चढली, तिसरीवर जाऊन अडली. त्यांनी पुन्हा सुरुवात केली. पुन्हा तिथेच अडल्या. मग चारुदत्तकडे पाहिलं, विश्वासाने. हा ऐकतो, म्हणून तर याला दिली होती.

"पुढे कसं होतं हो?"

चारुदत्तने खिशातून फोन काढला आणि त्यांच्यापुढे धरला. "पुन्हा म्हणाल का?"

त्यांनी म्हटलं. आता त्याही नाहीत, माघात गेल्या. चारुदत्तने जगभरच्या टँगोवाल्यांना विचारून पाहिलं, ती तबकडी कुणाकडे नाही. रविवारी सुयश मशीन घेऊन येतो, उरलेल्या तबकड्या एकेक करून उतरवतो, दोन्ही बाजू. सगळं आटोपलं की चारुदत्त चपलांपाशी जातो, आपला फोन घेऊन येतो आणि तेवढं लावतो. चाल दोन पायऱ्या चढते, तिसरीवर अडते, आणि मोरिशिताबाई विचारतात, पुढे कसं होतं हो. चहा त्यानंतर येतो.