धुरपतामावशीची रांग

धुरपतामावशीला हळू बोलणं माहीतच नव्हतं. अर्धं आयुष्य मेंढरांमागे गेलेलं. या टेकडीवरून त्या टेकडीवरच्या माणसाशी बोलायची सवय. वाळूजच्या शिफ्टच्या बसमध्येही ती तशीच बोलायची. कारखान्यातला माझा पहिलाच दिवस होता. मी दांडा धरून उभी होते आणि चेहरा कसनुसा झाला असावा. मागून आवाज आला, "ए पोरी, पाळी आलीय का तुला? मग हुबी कामून? बस की हितं!" सगळी बस वळून माझ्याकडे बघायला लागली. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं मला झालं. बसायला जागा मात्र मिळाली.

मावशी शेंद्र्याकडची. नवरा गेल्यावर तिनं कळप विकला, रांजणगावात खोली घेतली आणि आमच्या कारखान्यात पॅकिंगला लागली. ती सुट्या भागांची जड खोकी उचलायची, मी तपासून त्यांवर चिठ्ठी लावायची. तिला जाऊनही आता बरीच वर्षं झाली. पण कुठल्याही कचेरीत कुणी माझ्याशी उपकार केल्यासारखं बोललं, की मला अजून तिचीच आठवण येते.

ते दिवस विद्यापीठाच्या नामांतराच्या लढ्याचे. मी भावसिंगपुऱ्यातली, बौद्ध घरातली, मोर्च्यांना जायची. ते कळल्यावर पॅकिंगमधल्या काही जणी माझ्या डब्याजवळ बसेनाशा झाल्या. मावशी मुद्दाम येऊन बसायची आणि वर भांडायची. "नाव बदलून भाकर मोठी व्हती का गं?" मी चिडून म्हणायची, आम्ही मेहेरबानी मागत नाही, हक्काचा मान मागतोय. "मग मोठ्यानं सांग की. पुटपुटती कामून?" असं म्हणत ती माझ्या डब्यातलं वांगं उचलायची.

एक दिवस खोकं उचलता उचलता ती मटकन खाली बसली. तिचं अंग, म्हणजे गर्भाशय, बाहेर येत होतं. बायका हे दुखणं वर्षानुवर्षं लुगड्याआड दाबून ठेवतात. मावशीनं ते साऱ्या पॅकिंगला ऐकवलं. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरबाईंनी सांगितलं, ऑपरेशन करावं लागेल, तोवर ओझं उचलायचं नाही. तिथं नंबर लागायला वेळ होता. पण आमच्या पगारातून दर महिन्याला विम्याचे पैसे कापले जायचे, तेव्हा खासगी दवाखान्यातल्या खर्चाला मंजुरी मिळेल याबद्दल आम्हाला शंका नव्हती.

नकार आला. दुखणं बाळंतपणापासूनचं, म्हणजे नोकरीच्या आधीचं आहे, असं कारखान्याच्या डॉक्टरांनी 'तपासणीअंती' लिहून दिलं होतं. नुसतं ऑपरेशनच अडलं असं नव्हे. दुखणं लपवून नोकरीला लागली असा शिक्का बसला, तर नोकरीही जाणार होती.

मी पत्र वाचून दाखवलं, तशी मावशी उसळली. "त्यानं तपासलं? मला? अगं, अंग भाईर येतंय म्हनले, तर त्यो खिडकीकडं बघाय लागला! पडद्यामागं न्हेलंच नाय मला."

मी अपील लिहायला घेतलं. सुरुवात केली, 'सविनय'. मावशीनं विचारलं, "म्हंजी काय?" मी म्हटलं, नम्रपणे. "मी कुटं नम्र हाय? काढ ते." मी काढलं.

सुनावणीच्या दिवशी तिच्या कमरेच्या पिशवीत भंडारा होता. मला ते आवडलं नाही. आमच्या घरानं हे सगळं केव्हाच सोडलेलं. म्हटलं, "मावशी, तिथं कागद चालतो, भंडारा नाही."

"तू नको मानू. त्यो डाक्टर मानतो. चंपाषष्ठीला आपल्या हितल्या साताऱ्याच्या खंडोबाला बायकूसंगं तळी भरताना बघितलंय म्या त्याला."

केबिनमध्ये कामगार अधिकारी होते, विमा कंपनीचे साहेब होते आणि आमचे डॉक्टर. डॉक्टर म्हणाले, "तपासलंय मी. बाई विसरल्या असतील." मावशीनं पिशवी सोडली आणि टेबलाच्या काचेवर पिवळाधमक भंडारा ओतला.

"उचला. आन म्हना, हिला म्या तपासलं."

"हे ऑफिस आहे. असले प्रकार इथं चालणार नाहीत."

"बरं. मग मी उचलते." तिनं मूठभर उचलला. थोडा फायलींवर सांडला. "ह्या मानसानं मला हात लावला नाय. खोटं बोलत असंल तर माझं वाटुळं व्हईल. आता तुमी."

डॉक्टरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. हात काही टेबलाकडे आला नाही. विम्याच्या साहेबांनी हलक्या आवाजात विचारलं, "डॉक्टर, तपासलं होतं ना?"

"लेडीज पेशंट... अवघड असतं हो," डॉक्टर म्हणाले. मला त्यांची दया आली, आणि दया आली म्हणून स्वतःचाच राग आला.

साहेबांनी घसा साफ केला. "जाऊ द्या. बाईंचं ऑपरेशन आपण विशेष बाब म्हणून मंजूर करू. माणुसकीच्या नात्यानं. नोकरीलाही धक्का लागणार नाही. आधीचं पत्र राहू द्या तसंच." मी मनात हुश्श केलं.

"नको," मावशी म्हणाली.

"अहो, पैसे मिळतायत तुम्हाला."

"माणुसकी ऱ्हाऊ द्या तुमच्यापाशी. आमचं चुकलं म्हनून लिवा. आज मी खास. उद्या दुसरी आली की तिला म्हननार, तुजं जुनं हाय."

"असं लिहून देता येत नाही."

"मग मलाबी घेता येत नाय." आणि ती उठली.

जिन्यात भिंत धरून ती एकेक पायरी उतरत होती. माझा संयम सुटला. "मावशी, आधी ऑपरेशन तर होऊ दे! हे असं किती दिवस काढणार आहेस?"

ती थांबली. दुखण्यानं कपाळावर घाम आला होता. "तूच म्हनती ना, मेहेरबानी नको म्हनून? मग माझ्या येळंला कामून भेली?" मी तिचा दंड धरला आणि आम्ही खाली आलो.

दुसऱ्या दिवशी ओझं उचलायचं नसल्यामुळे मावशी मोकळी होती. ती टेबलाटेबलापाशी गेली आणि आपल्या नेहमीच्या आवाजात विचारू लागली, "कुनाकुनाचं अंग खाली येतंय? कुनाच्या कमरंत कळ येती? लाजू नगा, दुखनं आपलंय, चोरी नाय केली." पुरुष कामगार दुसरीकडे बघायला लागले. मग पॅकिंगमधली जैबुन, जी कधी पदर ढळू द्यायची नाही, खाली मान घालून म्हणाली, "मेरा बी है, मौसी. दो बरस से." तिच्यामागून दुसरी बोलली, मग तिसरी. माझ्या डब्याजवळ न बसणाऱ्यांतलीही एक होती.

जेवणाच्या सुट्टीत डॉक्टरांच्या दाराशी बायकांची रांग लागली. मला तसलं काही दुखत नव्हतं, तरी मीही उभी राहिले. दार उघडताच मावशी म्हणाली, "ह्या समद्यांला तपासा. काय हाय, काय नाय, आजच्या तारखेत लिवून ठिवा. म्हंजी उद्या कुनाला जुनं म्हनायची पाळी यायची नाय."

डॉक्टरांनी दार लावून घेतलं. सुट्टी संपल्याची घंटा झाली, सुपरवायझर ओरडत आला, पगार कापण्याची भाषा झाली. कुणी हललं नाही. खोकी जागच्या जागी पडून राहिली आणि ट्रक दारात तसाच उभा. दुसऱ्या दिवशी पुन्हा तीच रांग लागली, आणि ती आदल्या दिवसापेक्षा लांब होती. आठवडा संपायच्या आत कारखान्यानं शहरातून एक डॉक्टरबाई बोलावल्या. त्यांनी पडदा लावला आणि एकेकीला नीट तपासलं.

त्यानंतर मावशीच्या नावानं पत्र आलं: तपासणी न करता दिलेला नकार चुकीचा असून तो रद्द करण्यात येत आहे. 'चुकीचा' हा शब्द तिनं मला पॅकिंगच्या मधोमध उभं करून पुन्हा पुन्हा वाचायला लावला. माझा आवाज बारीक झाला की म्हणायची, "मागं ऐकू गेलं नाय."

ऑपरेशनच्या दिवशी मी तिच्या उशाशी होते. बराच वेळ ती ग्लानीत पडून होती. चेहरा इतका लहान दिसत होता, की मला रडू आवरेना. कधीतरी तिनं डोळे उघडले. मला वाटलं, पाणी मागेल.

"जैबुनचं कवा हाय?"

"पुढच्या आठवड्यात. मंजूर झालं तिचं."

"काय म्हनून मंजूर झालं?"

मी वाकून तिच्या कानाशी सांगितलं, "नियमानं, मावशी. विशेष बिशेष काही नाही."

"मग दे पानी."

पाणी द्यायला अजून परवानगी नव्हती. मी ओल्या कापसानं तिचे ओठ पुसले.