सेमिसीची निळी पट्टी

टोंगातल्या आमच्या बेटावर मिशनचं एक छोटं इस्पितळ आहे. तिथल्या इंटरनेटच्या सगळ्या तारांचा मालक एकच, सेमिसी. मालक कसला, पगारी नोकर. पण तोरा मालकाचा. आजाऱ्याला भेटायला आलेली माणसं फोनवर रग्बी बघत बसायची आणि एक्स-रेचे फोटो राजधानीला जाता जाता अडकून पडायचे. मग सेमिसीने एकाच स्विचवर, म्हणजे सगळ्या तारा जिथे येऊन जुळतात त्या पेटीवर, दोन वेगळी जाळी केली, एक यंत्रांचं आणि एक माणसांचं. त्यांना तो व्हीलॅन म्हणे. यंत्रांच्या जाळ्यातून फक्त राजधानीच्या इस्पितळाशी बोलता येई, माणसांच्या जाळ्यातून सगळ्या जगाशी.

"हे व्हीलॅन म्हणजे काय हो, सेमिसीदादा?" नर्स लुपेने एकदा विचारलं.

"एका घरातले भाऊबहीण गं. छप्पर एकच, पण एका खोलीत बसायचं नाही!"

सगळ्या नर्सा खिदळल्या. वयात आल्यावर बहिणीच्या खोलीत पाय टाकणारा भाऊ आमच्याकडे बेशरमच म्हणायचा.

प्रत्येक खोलीच्या भिंतीला दोन सॉकेट होती. कुठलं सॉकेट कुठल्या जाळ्यात हे स्विचवर ठरवून झालं की सेमिसी खोलीत जायचा, लॅपटॉप जोडून बघायचा आणि माणसांच्या सॉकेटवर निळी चिकटपट्टी लावायचा. भिंतीपाशी जाऊन बघितल्याशिवाय काम झालं असं म्हणणाऱ्याची तो चारचौघांत सालटी काढी.

कोपऱ्यातल्या खोलीची वाटणी स्विचवर झाली, पण आत जाऊन बघणं आणि पट्टी लावणं तेवढं राहिलं. तिथे त्याची थोरली बहीण ऊनालोटो होती, मूत्रपिंडं निकामी झालेली. "ती घरी गेली की लावू पट्टी," तो म्हणाला. ती घरी जाणार नाही, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. रोज तो अळूच्या पानात गुंडाळून शिजवलेलं मांस, गरम लू, दाराबाहेर ठेवायचा, लुपेकडून चौकशी करायचा आणि निघायचा. जीव मात्र त्या दारापाशीच घुटमळत राही.

ऊनालोटोचा एकुलता एक मुलगा इसिलेली ऑकलंडला होता. धर्मोपदेशकाचं शिक्षण अर्ध्यावर सोडून तो निघाला, तेव्हा "पुन्हा मला तोंड दाखवू नकोस" असं ती बोलून गेली होती. पोरगाही तिच्याच वळणाचा, त्याने खरंच दाखवलं नाही. आता तिला तेच तोंड एकदा डोळे भरून बघायचं होतं. लुपेने मध्ये पडून जमवलं. रविवारी चर्च सुटल्यावर इसिलेली खोलीतल्या टीव्हीच्या पडद्यावर व्हिडिओ फोन करणार होता. त्या जाड भिंतींच्या आत मोबाइलला रेंज नव्हती, सगळी भिस्त तारेवर.

रविवारी ऊनालोटोने केस विंचरून घेतले, गळ्यात फुलांची माळ घातली आणि पडद्याकडे तोंड करून बसली. पडदा काळाच राहिला.

लुपे धावत स्विचच्या खोलीत आली.

"तार नीट बसलीय का गं?" सेमिसीने विचारलं.

"बसलीय. दोन्ही सॉकेटांत तारा आहेत, एक पडद्याची, एक औषधाच्या पंपाची."

"मग लागायलाच हवं. इथे दोन्ही दिवे हिरवे आहेत."

"दादा, एकदा आत येऊन बघा ना. मी मध्ये चादर धरते."

तो उंबऱ्यापर्यंत गेला. आतून बहिणीचा खोकला ऐकू आला आणि त्याचा पाय उचलेना. परत येऊन त्याने स्विचची सगळी मांडणी पुसून नव्याने केली. काही उपयोग झाला नाही. रविवार देवाचा, बेटावर त्या दिवशी कोणी अवजाराला हात लावत नाही, मदतीला बोलवायचं तरी कोणाला? शेवटी ऊनालोटोनेच निरोप धाडला, "त्याला सांग, राहू दे आता. उद्या बघू."

तिचा उद्या उजाडला नाही.

तिला बाहेर नेल्यावर सेमिसी पहिल्यांदा त्या खोलीत शिरला. पलंगामागे वाकला मात्र, पहिल्याच नजरेत त्याला दिसलं. पडद्याची तार यंत्रांच्या सॉकेटात होती आणि पंपाची माणसांच्या. बिचाऱ्या लुपेला निळी पट्टी बघून तार लावायची सवय. इथे पट्टीच नव्हती. त्याने तारांची अदलाबदल केली. पडदा उजळला आणि इसिलेलीचे न उचललेले फोन एकाखाली एक दिसू लागले. सेमिसी तिथेच जमिनीवर बसला आणि लहान मुलासारखा हमसून हमसून रडला.

आमच्याकडे बहिणीपुढे भावाचा मान खालचा, म्हणून अंत्यविधीला तो रीतीप्रमाणे मोठी फाटकी चटई कमरेला गुंडाळून मागच्या अंगणात, स्वयंपाकाच्या भट्टीपाशी राबत होता. ऑकलंडहून आलेला इसिलेली त्याला शोधत तिकडे आला.

"मामा, खरं सांग. आईने मुद्दाम नव्हता ना उचलला?"

"नाही रे बाळा! केस विंचरून, माळ घालून बसली होती तुझ्यासाठी. तार चुकीच्या जागी होती. मी आत जाऊन बघितलं असतं, तर त्याच घडीला दिसलं असतं."

"मग का नाही गेलास?"

"बहीण होती रे ती माझी."

इसिलेलीही याच मातीतला. मामावर रागावायला त्याला जमलं नाही, आणि सेमिसीला नेमकं तेच सोसवेना.