थोडं थांबून पुन्हा विचार

गजानन गेल्याचा फोन आला तेव्हा कारखान्यात सगळं बिलकुल व्यवस्थित चालू होतं. हेच मनातून जात नाही. मेहुण्याच्या साखरपुड्याला तो वाटूरला गेल्ता. जेवताना मोबाईल वाजला, कारखान्याच्या वजनकाट्यावरचं नेटवर्क बंद पडल्याचा मेसेज. ताटावरून उठला, गाडी काढली... आणि जालन्याच्या अलीकडं ट्रकनं उडवला. तोवर काट्यावर गाड्या बराबर मोजल्या जात होत्या.

एमआयडीसीतल्या आमच्या स्टील मिलचं नेटवर्क गजानन सांभाळायचा, मी तिथंच इलेक्ट्रिकलला. कुठं नेटवर्क तुटलं की नजर ठेवणारा सर्व्हर त्याला मेसेज धाडायचा. पण मिलची मोठी मोटर सुरू झाली की व्होल्टेज पडायचं, काट्यावरची नेटवर्कची पेटी क्षणभर विझून पुन्हा लागायची. सर्व्हरला तेवढं पुरे, लगेच मेसेज. इलाज गजाननला ठाऊक होता. काळ्या पडद्यावर सेटिंगची फाइल उघडून त्यानं मला दाखवलं होतं. "एकदा जवाब न्हाई आला की हे बोंबलून राह्यलंय. थोडं थांबून पुन्हा विचार, एवढंच सांगायचंय त्याला."

पण मॅनेजरसाहेबांचा हुकूम होता, सेटिंगला हात लावायचा नाही. मालकाला उशीर खपत नाही म्हणे. मेसेज आला की यायचं आणि डोळ्यांनी बघायचं. बाहेरून सर्व्हर उघडायलाही बंदी. मी चिडायचो, तो हसायचा. "जाऊ दे ना यार, एक चक्कर तर हाय." त्या हसण्याचा मला अजून राग येतो.

तेराव्यानंतर साहेबांनी बोलावलं. गजाननच्या जागी कुणी नव्हतं, म्हणून आता मेसेज त्यांच्याही मोबाईलवर येत होते. मीटिंगमध्ये, जेवताना... वैतागले होते बिचारे. "ते थांबून बघायची काहीतरी सेटिंग आहे ना, करून टाक जल्दी." मी फाइलमधला एक आकडा बदलला, फाइल तपासायची कमांड दिली, सर्व्हिस पुन्हा सुरू केली. साहेबांचा चहासुद्धा गार झाला नव्हता. "एवढंच होतं?" त्यांनी विचारलं. माणूस मेला तरी त्यांना हे कळलं नव्हतं, जेवण मोडल्यावर कळलं.

परवा गजाननच्या घरी गेलो. त्याचा तडकलेला मोबाईल वहिनींनी टीव्हीजवळ चार्जिंगला लावून ठेवलाय.

"भाऊजी, हे गेल्यावरबी हा तर दिवसभर वाजायचा. आता वाजतच न्हाई... बिघडला का?"

"न्हाई वहिनी. दुरुस्त झाला."

मंग वहिनींनी आत जाऊन ताट वाढून आणलं. मी शेवटच्या घासापर्यंत जेवलो, मधे काहीच वाजलं नाही.