दिलेलं नाही ते धरायचं नाही

एमबीएच्या प्रवेश परीक्षेत काही गणितं अशी असतात, की त्यांचं उत्तर काढायचंच नसतं. आधी एक प्रश्न असतो, त्याखाली दोन विधानं. पहिल्या विधानावरून उत्तर निघेल का, दुसऱ्यावरून निघेल का, दोन्ही मिळून निघेल का, की दोन्ही मिळूनही नाही, एवढंच सांगायचं आणि पुढं सरकायचं. आमच्या झरीच्या शाळेत उत्तराखाली दोन रेघा ओढल्याशिवाय मास्तर गुण देत नसत. त्यामुळं हा प्रकार मला ताटावर बसवून जेवू नका म्हणण्यासारखा वाटायचा.

वहिनीला तो पहिल्याच दिवशी आवडला. ती सोनपेठची, गणितात बी.एस्सी. झालेली. उन्हाळ्यात माझ्या भावाशी लग्न करून आमच्या घरी आली. भाऊ फौजेत. लग्नाची सुट्टी संपली तसा तो गेला, आणि फोन लागला तर लागला अशा ठिकाणी जाऊन बसला. घरात मी एकटीच परीक्षेची तयारी करत होते. दुपारची कामं आटपली की वहिनी पदराला हात पुसत माझ्या शेजारी येऊन बसायची. पुढं दिवस कापसाचे आले. ओसरीत ढीग लागला आणि त्याला पाठ टेकून आम्ही दोघी एकाच पुस्तकात डोकं घालायला लागलो.

एकदा एका आयताचं क्षेत्रफळ विचारलं होतं. लांबी रुंदीच्या दुप्पट, हे पहिलं विधान. परिमिती छत्तीस, हे दुसरं. मी झपाट्यानं रुंदी काढली, लांबी काढली, गुणाकार केला आणि ओरडले, "बहात्तर!"

"बहात्तर कोन विचारलं व्हतं, ताई?" वहिनी म्हणाली. "दोनी मिळून निघतंय, येवढं कळलं की सोडून द्यायचं. तुमी तर क्षेत्रफळ काढून आत पेरणी करायला निघालात."

दुसऱ्या एका गणितात क्षचा वर्ग नऊ होता. क्ष म्हणजे तीन, असं मी ठोकून दिलं. तिनं पुस्तकावर हात ठेवला. "उणे तीन कामून न्हाई? क्ष धन हाय असं कुठं दिलंय? तुमी मनचं घातलंत. दिलेलं न्हाई ते धरायचं न्हाई, ताई."

मी जन्माची उतावीळ. घड्याळ लावलं की मला घाम फुटायचा. ती मात्र एकेक गणित नुसतं वाचून बाजूला सारायची. अर्ज भरायची वेळ आली तेव्हा मीच म्हणाले, तुमीबी भरा. ती हसली नाही. ही गोष्ट तिच्या मनात किती दिवसांपासून होती ते मला त्या क्षणी कळलं.

आबांना, म्हणजे माझ्या वडिलांना, विचारायचं ठरलं तेव्हा आम्ही भांडणाच्या तयारीनं गेलो होतो. आबा पानाला चुना लावत होते. "देऊ द्या की परीक्षा," ते म्हणाले. "घरात दोघी शिकल्या तर माझं काय जायलंय?" सोनपेठला तिच्या वडिलांनीही तेच म्हटलं. भावाचा फोन लागला तेव्हा तोही खूश झाला. इतक्या सहज सगळं झालं, की आम्हालाच चुकल्याचुकल्यासारखं वाटलं.

परीक्षा दिवाळीनंतर, नांदेडला. दोघींना एकच केंद्र, एकच दुपारची वेळ. वहिनीची पहिली दिवाळी असल्यानं ती सुट्टीवर आलेल्या माझ्या भावासोबत माहेरी गेली. भाऊ सण करून तिथूनच परस्पर ड्यूटीवर गेला. वहिनी सोनपेठलाच राहिली, पुस्तक घेऊन.

इथं एक सांगायला हवं. आमच्या घराण्यात पहिल्या दिवाळसणाला गेलेल्या सुनेला माहेरचेच पोचवतात. सासरच्यांनी आणायला जायचं नसतं. गेलं तर लेक दोन दिवस सुखानं राहू दिली नाही, असा बोल लागतो. वहिनीच्या माहेरी नेमकं उलटं. सासरचं माणूस आल्याशिवाय लेक उंबऱ्याबाहेर काढत नाहीत. आलेल्याला जेवू घालायचं, साडी आणि फराळ देऊन बोळवण करायची, मग लेक पाठवायची. आपणहून पोचवली तर लेक जड झाली असं दिसतं. दोन्ही घरं एकाच जिल्ह्यातली, मराठी बोलणारी, कापूस पिकवणारी. आपल्याकडं जसं तसंच सगळ्या जगात, यावर दोघांचाही पक्का विश्वास. फोनवर रोज बोलणं व्हायचं, तूर कशी हाय, कापसाला भाव काय. हे मात्र कुणी कुणाला विचारलं नाही. विचारणं म्हणजे मानपान काढणं.

परीक्षेच्या दिवशी सकाळी आबांनी शेजाऱ्याची गाडी ठरवली. मी विचारलं, वहिनीचं कसं? आबा म्हणाले, "तिचे लोक आनतील की नांदेडला, गंगाखेडच्या वाटेनं. जवळच पडतंय त्यांना." मला ते पटलं. तेवढ्यात तिचा मेसेज आला, "निघालात का?" मी लिहिलं, "निघालो. तुमी?" ती म्हणाली, "मी तयार हाय." मी फोन पर्समध्ये टाकला आणि परभणी येईपर्यंत सूत्रं आठवत बसले.

नांदेडला केंद्राच्या गेटवर पोरापोरींची झुंबड होती. मी वहिनीला शोधत होते. रांग आत सरकायला लागली, तरी ती दिसेना. मग मी फोन लावला. पहिल्याच रिंगला तिनं उचलला.

"हां ताई, कुठपर्यंत आलात?"

"कुठपर्यंत म्हंजे? आमी नांदेडात, गेटवर हाव. तुमी कुठं राहिलात?"

पलीकडं मागून तिच्या आईचा आवाज ऐकू आला. "अगं, इचार की त्यांना. पुऱ्या तळायला घेऊ का?"

वहिनी सकाळपासून नवी साडी नेसून ओट्यावर बसली होती. पिशवीत प्रवेशपत्र, पेन, आणि बोळवणीच्या करंज्या. सोनपेठहून नांदेड त्या वेळेत गाठणं कुणालाही शक्य नव्हतं. हे तिला माझ्याआधी कळलं. "तुमी जावा आत," ती म्हणाली. "रांग जाईल तुमची." रडली असती तर मला बरं वाटलं असतं.

त्या दिवशी पहिल्यांदाच मी दोन विधानांच्या एकाही गणिताचं उत्तर काढत बसले नाही. प्रत्येक गणितावर तिचा हात दिसत होता. मला पुण्याला प्रवेश मिळाला, पुढं नोकरीही लागली. आबा कितीतरी दिवस म्हणत राहिले, त्यांनी एक फोन करायचा होता. सोनपेठला तिचे वडील हेच म्हणत राहिले. दोघंही खरं बोलत होते, आणि मला दोघांचाही राग येत होता. माझाही येतो. आजही येतो. कुणाच्या मनात पाप नव्हतं, कुणी तिला अडवलं नव्हतं, तरी ती राहिली. अडवलं असतं तर निदान भांडता आलं असतं.

पुढच्या वर्षी तिला दिवस गेले होते. त्यानंतर सासूबाईंचं, म्हणजे माझ्या आईचं, दुखणं निघालं. अर्जाचा विषय मी दोनदा काढला. "बघू की," ती म्हणाली. नंतर मीच काढायची थांबले. मनातल्या मनात तिच्यासाठी झुरणं सोपं होतं.

यंदाच्या दिवाळीला झरीला गेले होते. निघायच्या दिवशी वहिनीनं सगळ्यांसमोर विचारलं, "ताईंना स्टँडवर कोन सोडनार?"

"सोडू की," आबा म्हणाले.

"सोडू म्हंजे कोन? तुमी गाडी काढनार का त्यांनी म्हनायची वाट बघनार?"

आबा निमूटपणे किल्ली आणायला उठले. तिची लेक खिदळली, "आई सगळ्यांना असंच विचारती." सगळे हसले. वहिनीही हसली. ती माझ्या बॅगेत वाटेसाठी पुऱ्यांचा डबा ठेवत होती, आणि मला तिच्याकडं बघवलं नाही.