काठवट शोभेची नाही

आज सकाळी माझ्या सासूबाई स्टुलावर चढलेल्या दिसल्या, म्हणून हे लिहिते आहे. वय ऐंशीच्या पुढे, खुब्याचं हाड जोडलेलं. एक हात वरच्या कपाटाच्या दाराला, दुसऱ्या हातात भाकरीचं पीठ मळायची जड लाकडी काठवट.

मी ओरडले नाही. दचकल्या असत्या तर पडल्याच असत्या. मागून जाऊन त्यांना घट्ट धरलं आणि खाली घेतलं.

कराडच्या आमच्या घरी स्वयंपाकघर नव्यानं होतं आहे. आत्या, म्हणजे माझ्या सासूबाई, बुटक्या ओट्याशी खुर्चीत बसून भाकरी थापतात. ही काठवट त्यांच्या आईनं स्वातंत्र्याआधी म्हसवडच्या जत्रेतून आणलेली. जुनी वस्तू म्हणून ह्यांनी ती वर काचेच्या कपाटात मांडली, आणि बसल्या हाताला येणारे ड्रॉवर मिक्सरला आणि पाहुण्यांच्या कपबश्यांना दिले.

"आई, आता तू भाकरी थापायचीच कशाला?" हे म्हणाले.

"मग काय करू रं? पावण्यावानी बसून खाऊ? तशी लय दिस न्हाई जगायची मी."

मी सुताराचं काम थांबवलं. आत्यांना खुर्चीत बसवून हात पुढे करायला सांगितला आणि तो पोचला तिथं खडूनं रेघ मारली. भाकरीचं सगळं सामान त्या रेघेच्या खालीच राहील.

तुमच्याकडे मापं घेताना रोज रांधणाऱ्या बाईला विचारलं होतं का?

संध्याकाळी ड्रॉवरच्या मापासाठी सुताराच्या ताब्यात दिलं: काठवट, लोखंडी तवा, उलथनं. देणाऱ्या, आत्या स्वतः. सुतारानं परत आणायचं उद्या सकाळी, भाकऱ्यांच्या वेळेआधी.