पंप थांबवायचा की चालू ठेवायचा

वहिनींच्या डायरीतली नोंद: गुरुवार, १२ मार्च. सकाळपासून ढगाळ. प्रबंधबाईची तिसरी मुलाखत. भाऊजी दहापासून फोनजवळ. जेवण अर्धवट टाकले.

भाऊजी म्हणजे वहिनींचे धाकटे दीर. एकतीस वर्षे त्यांनी कारखान्यात पंपांची देखभाल केली आणि निवृत्तीनंतर नऊ वर्षे इंजिनिअरिंग कॉलेजातल्या पदव्युत्तर मुलांची मुलाखतीची तयारी करून घेत होते. हल्ली कॉलेजचा जिना चढताना मध्येच थांबत. विचारले की "गुडघा," म्हणत. गुडघ्याचे निमित्त, कंटाळा खरा होता. दरवर्षी तीच खोली आणि नवी मुले तीच जुनी चूक करायला हजर.

भाऊजी विचारत, "पंप थरथरतोय. फोरमन समोर उभा आहे. थांबवायचा की चालू ठेवायचा?" मुले उत्तर सोडून संदर्भग्रंथांपासून सुरुवात करत. त्यात एका मुलीने तर कहरच केला. दोनशे पानांचा प्रबंध ती सदैव छातीशी धरून असे, म्हणून ती प्रबंधबाई.

"सर, आधी यावर पूर्वी झालेलं संशोधन..."

"अगं, तुझं संशोधन वाचून होईस्तोवर पंप भंगारात जाईल!"

दोन ठिकाणी तिला नकार मिळाला होता. शिष्यवृत्ती या महिन्यात संपत होती. ही नोकरी हुकली तर खोली सोडून घरी परतायचे. म्हणून भाऊजींनी फर्मान काढले, "प्रबंध खोलीवर ठेव. नावसुद्धा काढू नकोस. सांग, लांब स्क्रूड्रायव्हर बेअरिंगला टेकवीन, मूठ कानाला लावीन, आवाज ऐकून सांगीन." तीन आठवडे हे घोटून घेतले.

चारला फोन वाजला.

"सर, पंपाचंच विचारलं."

"मग?"

"स्क्रूड्रायव्हरचं सांगितलं. ते हसले. म्हणाले, चालत्या यंत्राजवळ आता कुणाला जाऊ देत नाहीत. सेन्सर असतात, थरथर पडद्यावर दिसते."

"पण तुझा प्रबंध तर..."

"त्यावरच आहे, सर. त्यांनी विचारलंही, दोन वर्षं काय केलंस?"

"काय सांगितलंस?"

"विशेष काही नाही म्हटलं. तुम्हीच म्हणाला होतात, नाव काढू नकोस."

भाऊजींनी फोन या कानाचा त्या कानाला लावला.

वहिनी चहा घेऊन आल्या. "काय झालं, भाऊजी?"

"मास्तर नापास झाला, वहिनी. नऊ वर्षं कारखान्याच्या फाटकाकडे फिरकलो नाही आणि पोरांना आत धाडत होतो."

"मग मुलाखत घेणाऱ्या त्या साहेबांना सांगा की, चूक तुमची म्हणून. तोंड आहे ना?"

मुलीकडून नंबर घेऊन त्यांनी फोन लावला. साहेबांनी सगळे शांतपणे ऐकून घेतले आणि जागा भरल्याचे सांगितले. भाऊजींनी चष्मा काढला, डोळे चोळले आणि पुन्हा मुलीचा नंबर फिरवला.

"जागा गेली. माझ्यामुळे गेली. खोली कधीपर्यंत आहे?"

"महिनाअखेरपर्यंत."

"मग उद्या ये, प्रबंध घेऊन. पहिल्या पानापासून मला शिकव. मग ठरवू, पुढच्या ठिकाणी काय सांगायचं."

"सर, दोनशे पानं आहेत."

"तीन आठवडे तू माझं ऐकलंसच ना?"

पलीकडे ती हसली की नाक ओढले, ते भाऊजींना कळले नाही. चहावर साय धरली होती.

संध्याकाळी वहिनींनी डायरीत सकाळच्या नोंदीखाली एवढेच लिहिले: गॅसचा सिलिंडर आज बदलला.